जुन्या सॅन्ट्रोची इंजिन माउंटिंग घरी बदलायची आहेत : क्रम काय ठेवू, आधार कुठे देऊ?

कृष्णाकाठची विचारते :

नमस्कार मंडळी. गाडी सॅन्ट्रो झिंग, २००८ ची, १.१ पेट्रोल, मॅन्युअल. १ लाख १२ हजार किमी झालेत.

त्रास असा : सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना स्टीअरिंग आणि सीट थरथरतात, एसी लावला की मधला आरसाही हलतो. पहिल्या गिअरात क्लच सोडताना आणि रिव्हर्स टाकून निघताना पुढून ‘ठक्क’ असा एकच आवाज येतो. तिसऱ्यात ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडला तर गाडी हिसका खाते आणि गिअरचा दांडाही झुलतो.

प्लग नवे आहेत, एअर फिल्टर स्वच्छ आहे. इंजिनाला बॉडीशी धरून ठेवणारी रबरी माउंटिंग, त्यांच्यावरच संशय आहे.

हाताशी आहे ते : २ टनी ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, अर्धा इंची सॉकेट सेट, टॉर्क रेंच. जागा सोसायटीच्या पार्किंगची, खाली पेव्हर ब्लॉक. मदतीला एक माणूस मिळेल.

चारही बदलायची की फाटलेलं तेवढंच? क्रम काय ठेवायचा? इंजिनाला खालून आधार नेमका कुठे द्यायचा? आणि नवी बसवूनही थरथर वाढली असं बऱ्याच जणांचं होतं, ते का?

---

पाना_चौदा :

ताई, लक्षणं माउंटिंगचीच वाटतात, पण सगळी एकाच माउंटिंगची नाहीत. आधी ते वेगळं करा.

सॅन्ट्रोचं इंजिन आडवं बसतं आणि चार ठिकाणी धरलेलं असतं. उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, टायमिंग बेल्टच्या टोकाला एक. डावीकडे गिअरबॉक्सवर एक. वजन या दोघांच्या खांद्यावर. खालच्या अंगाला पुढे एक आणि मागे एक असे दोन रोल स्टॉपर. यांच्यावर वजन जवळजवळ नसतं, इंजिन पुढे-मागे लोळू नये एवढंच त्यांचं काम. म्हणून उभ्या गाडीची थरथर ही बहुधा वजनवाल्यांची तक्रार (त्यातही उजव्याची जास्त), आणि निघताना-सोडताना येणारा ‘ठक्क’ रोल स्टॉपरचा.

तपासणी अशी करा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. एकाने सीटवर बसून ब्रेक घट्ट दाबायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच धरेल इतपतच सोडायचा. इंजिन दबलं की लगेच क्लच परत दाबायचा. मग हेच रिव्हर्समध्ये. बघणाऱ्याने गाडीच्या पुढे किंवा मागे उभं राहायचं नाही, फेंडरच्या बाजूने बघायचं. इंजिन सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर हललं तर ठीक. उसळून परत आपटत असेल तर रोल स्टॉपर गेलाय.

मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, टॉर्च घेऊन रबर बघा. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात, त्यांना घाबरू नका. टॉमीने (लांब लोखंडी दांड्याने) ब्रॅकेट थोडं उचकलं की जी भेग तोंड उघडते आणि आत पलीकडचा उजेड दिसतो, ते रबर संपलं. रोल स्टॉपरमध्ये मधल्या लोखंडी नळीभोवती बोटाला लागणारी काळी भुकटी दिसली, किंवा नळी मधोमध नसून एका कडेला टेकलेली दिसली, तर आणखी काही तपासायची गरज नाही.

माउंटिंगच्या आधी एक शंका मात्र मिटवा. प्लग नवे असले तरी प्लगच्या वायरी जुन्या असतील, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत) कार्बन साचला असेल, तर आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याची गती) खाली जातं आणि अशीच थरथर येते. फरक कानाला आणि हाताला कळतो. माउंटिंगची थरथर एकसारखी असते. मिसफायरची तुटक, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखी. चालू इंजिनावर इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढून लावा. ज्याचा कनेक्टर काढून इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. प्लगची वायर चालू इंजिनावर उपटू नका, शॉक बसतो आणि कॉइलही जाऊ शकते.

चार की एक? वजनवाली दोन जोडीने बदला, रोल स्टॉपर दोन जोडीने. एक नवं उंच आणि दुसरं बसलेलं असलं की इंजिन तिरकं राहतं. तुमच्या गाडीच्या वयाला आणि लक्षणांना चारही बदलणं योग्य. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ जवळ आली असेल तर तोही याच वेळी उरका, कारण बेल्टसाठी उजवं माउंटिंग सोडावंच लागतं.

---

टॉमी_टॉर्क :

कृती लिहितो. पहिल्यांदाच करणाऱ्याने पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

जागा. पेव्हर ब्लॉक जॅकच्या छोट्या चाकाखाली खचतात, स्टँडचे पाय तर हमखास रुततात. जॅक आणि दोन्ही स्टँडखाली १८ मिमी प्लायचे दीड-दोन फुटी तुकडे घाला. उन्हाळ्यात डांबरावरही हेच करा. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली शिरायचं नाही, एक हात घालायचा असला तरी.

सुरुवात. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण पाना स्टार्टर-अल्टरनेटरजवळ फिरणार आहे. मागच्या चाकांना ठोकळे. पुढचा भाग उचलून दोन्ही स्टँड बॉडीच्या मजबूत जॅकिंग पॉइंटखाली लावा, मग गाडी हाताने हलवून बघा. स्टँड डगमगला तर तो पुन्हा बसवा.

इंजिनाचा आधार. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ऑइल संप म्हणजे इंजिनाच्या तळाची, ऑइल साठवणारी पातळ पत्र्याची परात. जॅकची वाटी थेट तिच्यावर टेकवली तर पत्रा आत दबतो. आत तळापासून थोड्याच अंतरावर ऑइल पंपाची जाळी असते. पत्रा तिला टेकला की ऑइल ओढणं कमी होतं आणि पुढे इंजिनच जातं. म्हणून इंचभर जाड आणि संपच्या तळाएवढी रुंद फळी घ्या. वजन कडांवर, जिथे संपची उभी भिंत आहे तिथे यायला हवं, मधोमध नाही. डावं माउंटिंग काढताना जॅक संपखाली नको, गिअरबॉक्सच्या घराखाली लाकूड घालून लावा. ड्रेन प्लगवर आधार कधीच देऊ नका.

किती उचलायचं? इंजिन उचलायचं नाहीच, वजन फक्त झेलायचं. जॅकचा दांडा हळू मारत राहा आणि माउंटिंगच्या सैल केलेल्या बोल्टवर दोन बोटं ठेवा. सुरुवातीला बोल्ट जाम असतो. वजन जॅकवर आलं की तोच बोल्ट बोटांनी फिरायला लागतो. तिथे थांबा. स्टँडवरची बॉडी वर जायला लागली तर खूप जास्त झालं. इंजिन २५ मिमीपेक्षा जास्त वर-खाली करू नका. ड्राइव्ह शाफ्टचे आतले जॉइंट, रेडिएटरचे पाइप आणि सायलेन्सरचा पुढचा जोड, तिघांवर ताण येतो.

क्रम. एका वेळी एकच. एक काढा, नवं बसवा, बोल्ट हाताने पूर्ण आत घाला, मग पुढचं. चारही एकदम सोडलीत तर इंजिन कुठे बसवायचं याची खूणच राहत नाही.

१. उजवं. कूलंटची किंवा वॉशरची बाटली आड येत असेल तर बाजूला करा. टायमिंग कव्हरवर टॉमी टेकवून जोर लावू नका, ते प्लास्टिकचं आहे.

२. डावं. एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीचा ट्रे काढला की हात जातो. गिअरबॉक्सचं टोक या माउंटिंगवरच लटकलेलं असतं. ते सुटलं की टोक खाली येतं, म्हणून जॅक आधी पक्का करा. बॉडीला जाणारी अर्थची पट्टी आसपास कुठे आहे ते बघून ठेवा आणि फोटो काढा.

३. पुढचा रोल स्टॉपर. खालच्या मेंबरवर (बॉडीच्या लोखंडी तुळईवर), हाताला सहज.

४. मागचा रोल स्टॉपर. फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे), हात जेमतेम जातो. लांब एक्स्टेंशन आणि वाकणारा जॉइंट लागेल. घाई नको.

बहुतेक बोल्टना १४ आणि १७ चा पाना लागतो.

भोकं जुळत नसतील तर. जुनं रबर बसलेलं असतं, त्यामुळे नव्याचं भोक हमखास थोडं सरकलेलं दिसतं. बोल्ट घालून, पान्याने ओढून जुळवायला जाऊ नका. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असेल तर आटे तिरके धरतात आणि काम दुप्पट होतं. जॅक थोडा वर-खाली करा. पुढे-मागे हवं असेल तर सामान बांधायचा रॅचेट पट्टा इंजिनाच्या उचलण्याच्या हुकाला लावून ओढा. निमुळता पंच घालून भोकं एका रेषेत आणा आणि मग पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट तिरका आहे.

घट्ट करणं. चौथा प्रश्न तुम्ही विचारलात, त्याचं उत्तर इथे आहे. सगळं सैल असतानाच जॅक काढून घ्या आणि इंजिन स्वतःच्या वजनाने नव्या रबरांवर बसू द्या. हाताने दोन-चार वेळा हलवा. मग आधी वजनवाल्या दोघांचे बोल्ट, नंतर ब्रॅकेटचे, आणि रोल स्टॉपरचे मधले आडवे बोल्ट सगळ्यात शेवटी. इंजिन जॅकवर लटकलेलं असताना हे मधले बोल्ट आवळले, तर मधली नळी त्या चुकीच्या जागी पक्की होते. जॅक काढल्यावर इंजिन खाली बसतं आणि रबर कायमचं ओढलेलं राहतं. ओढलेलं रबर हादरे गिळत नाही, सरळ बॉडीला देतं. नवी माउंटिंग घालून थरथर वाढते ती बहुतेक वेळा यामुळे. असं रबर फाटतंही लवकर.

टॉर्कचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला मिळाला तर तोच घ्या. नसेल तर ८.८ ग्रेडच्या लोखंडी बोल्टसाठी एम१० ला (१० मिमी जाडीच्या बोल्टला) ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि एम१२ ला ८० ते ८५, हे आटे कोरडे असताना. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला याच्या खालीच राहा. रेंच किलो-मीटरमध्ये असेल तर १ म्हणजे जवळपास १० न्यूटन-मीटर.

---

खारा_वारा_रत्नागिरी :

वरची कृती बरोबर. फक्त गंजाचं लिहितो, कारण गाडी किनाऱ्याला फिरलेली असेल तर अर्धा दिवस त्यातच जातो.

रोल स्टॉपरचा आडवा बोल्ट आट्यांमध्ये अडकत नाही, तो मधल्या नळीत गंजून बसतो. नट सहज सुटतो, बोल्ट मात्र जागचा हलत नाही. आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा गंज सोडवणारं तेल बोल्टच्या दोन्ही टोकांना मारा. सुरुवातीला घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग सोडायच्या दिशेने किंचित, असं पुढे-मागे करत गंजाची पकड मोडा. बोल्टचं डोकं फिरतंय आणि सोबत रबर पिळलं जातंय असं दिसलं, म्हणजे नळी बोल्टसकट फिरतेय. जुनं रबर जाणारच आहे, तेव्हा चिंता नाही. नट अर्धा ठेवून त्यावर तांब्याचा किंवा लाकडी ठोकळा धरून हातोडा मारा. आट्यांवर थेट मारलंत तर टोक पसरतं आणि बोल्ट बाहेर येत नाही.

मेंबरला आतून वेल्ड केलेला नट असेल तिथे लांब पाइप लावून जोर करू नका. वेल्ड सुटली की नट आतल्या आत फिरत राहतो आणि मेंबर कापायची वेळ येते. तिथे तेल आणि वेळ हेच औषध. ज्योत लावायचा मोह होतो, पण वर पेट्रोलचे पाइप आहेत आणि बाजूला ड्राइव्ह शाफ्टची रबरी बुटं. घरी ज्योत नकोच.

बसवताना बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या वेळी सुटेल. आट्यांना लावू नका. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

बोल्ट बदलावा लागला तर हार्डवेअरच्या दुकानातला ‘एम१०’ तसाच उचलू नका. तिथे सर्रास मिळतो तो १.५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) जाड आट्याचा. या गाड्यांना एम१० बारीक आट्याचा, १.२५ पिचचा लागतो. जाडी तीच असल्यामुळे दोन फेऱ्या जातो, मग अडतो, आणि जोर केला की नटाचे आटे गेले. जुना बोल्ट सोबत न्या, दोघांचे आटे एकमेकांवर टेकवून उजेडात धरा. मधून उजेड दिसला तर पिच वेगळा. डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा हवा, कोरं डोकं घेऊ नका.

---

कृष्णाकाठची :

खूप आभार सगळ्यांचे. काल तपासलं. रिव्हर्सला इंजिन स्पष्ट उसळतंय आणि पुढच्या रोल स्टॉपरची नळी एका कडेला टेकलीय. उजव्या माउंटिंगचं रबर मात्र फाटलेलं नाही, पण बोटाला मऊ, फुगीर आणि चिकट लागतं. हे कशाने? आणि दुकानात तीन प्रकार सांगितले : कंपनीचं, लोकल, आणि जुनंच परत रबर भरून. पॉलियुरेथेनचं घाला असंही एकाने सुचवलं.

---

नैसर्गिक_रबर :

ताई, मऊ, फुगीर आणि चिकट म्हणजे इंजिन ऑइल मुरलंय. माउंटिंगमध्ये साधारणपणे नैसर्गिक रबर वापरतात, कारण सतत ताण घेण्यात आणि हादरे जिरवण्यात ते उत्तम. पण खनिज तेल त्याला मानवत नाही. तेल पिऊन ते फुगतं, ताकद घालवतं आणि लोखंडापासून सुटतं. उजव्या माउंटिंगच्या वर बघा : व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा कॅमचं ऑइल सील गळत असणार. गळती आधी बंद करा, नाहीतर नवं रबरही असंच होईल. आणि हेच तेल टायमिंग बेल्टवर जात असेल तर तो धोका माउंटिंगपेक्षा मोठा आहे. बेल्टचं कव्हर उघडून एकदा खात्री कराच.

माल निवडताना : दुकानात ‘फाउंडेशन’ म्हणून मागितलं तरी चालेल, बरेच दुकानदार तेच नाव वापरतात. ह्युंदाईचे अस्सल सुटे भाग मोबिसच्या पाकिटात येतात. वजनवाली दोन तरी अस्सल घ्या. लोकल मालात रबराचा कडकपणा हा कळीचा मुद्दा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याचं नख दाबून बघा. नख अजिबात रुतत नसेल तर ते रबर जास्त टिकेल, पण सगळे हादरे केबिनमध्ये पाठवेल. जुनं आणि नवं शेजारी ठेवून बोल्टच्या भोकांमधलं अंतर, कानांची जाडी आणि नळीची लांबी मोजा. रोल स्टॉपर पुढचा आणि मागचा सारखा दिसला तरी एक नसतो, आणि बाण किंवा खूण असेल तर दिशाही पाळायची. पाकीट फार जुनं असेल तर घेऊ नका, रबर न वापरताही म्हातारं होतं.

परत रबर भरलेलं नको. कारखान्यात रबर लोखंडाला उष्णता आणि दाबाखाली रसायनाने चिकटवलेलं असतं. भरणारा तुकडा ठोकून बसवतो किंवा गोंद ओततो. चार-सहा महिन्यांत तो सुटतो, तोही एका बाजूने. टायरचा तुकडा कापून घालणं हा त्याचाच भाऊ. पॉलियुरेथेन शर्यतीच्या गाड्यांसाठी चांगलं, रोजच्या शहरी गाडीत ते आयडलला दात वाजवेल.

---

टॉमी_टॉर्क :

गॅस्केटचं काम माउंटिंगच्या आधी करा. सगळं धुऊन, वाळवून मगच नवं रबर लावा. डिझेलने धुऊ नका, तेही रबराला वाईटच.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी अर्थची पट्टी परत लागली का बघा. ती राहिली तर स्टार्टरचा करंट परतीची वाट क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून शोधतो. स्टार्टर नुसता टक-टक करतो आणि केबल तापून जळू शकते.

सुरू करून आयडलला ठेवा. थरथर तशीच किंवा जास्त वाटली तर लगेच मालाला दोष देऊ नका. इंजिन बंद करा, दोन्ही रोल स्टॉपरचे मधले बोल्ट दोन फेऱ्या सैल करा आणि जागेवरच, गिअर न टाकता सुरू करा. थरथर गेली तर रबर ओढलेलं होतं. तसंच चालू राहू द्या, अर्ध्या मिनिटात इंजिन आपली जागा घेतं, मग बंद करून आवळा. काहीच फरक पडला नाही तर सायलेन्सर बघा : इंजिन नव्या रबरामुळे वर आलंय, पुढचा पाइप मेंबरला किंवा हीट शील्डला टेकत असेल. मधे कागदाचा पुठ्ठा सरकवून बघा, अडकला की जागा सापडली. सायलेन्सर लटकवायची रबरं ताणलेली असतील तर तीही बदला. एसीचा पाइप बॉडीला घासतोय का, तेही बघून घ्या.

---

कृष्णाकाठची :

समजलं. आधी गॅस्केट आणि सील, मग चारही. बोल्ट परत कधी तपासायचे?

---

पाना_चौदा :

पाचशे ते हजार किमीच्या आत एकदा, थंड इंजिनावर, गाडी चाकांवर उभी असताना. सैल करून परत आवळू नका, त्याच टॉर्कला रेंच लावून फक्त ‘टक’ येतो का बघा. आवळल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पेंटची एक रेघ ओढून ठेवा. पुढे रेघ तुटलेली दिसली तर तोच बोल्ट फिरलाय.